कानाने कायदा वाचताना
(प्रस्तावना)

ऐकायची पुस्तके म्हटली की आपल्याला आधी कादंबऱ्या आठवतात, मग चरित्रे, मग यशाचे मंत्र सांगणारी पुस्तके. ती लावून द्यावीत आणि भाजी चिरत बसावे. कथा आपली आपण पुढे जाते. मधली दोन मिनिटे निसटली तरी कोण कोणाचा मेहुणा हे पुढच्या प्रसंगात कळतेच. ही पुस्तिका तसल्या पुस्तकांविषयी नाही. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम, मुदतीचा कायदा, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा ही पुस्तके पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सहसा कोणी वाचत नाही. वकील हवे ते कलम काढतो, बोट ठेवून वाचतो, मागचे एखादे कलम ताडून पाहतो आणि पुस्तक मिटतो. अशा संदर्भग्रंथांच्या ध्वनिआवृत्त्या कशा तयार कराव्यात आणि त्यांवर अभ्यास कसा करावा, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. तो दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, म्हणून प्रस्तावना जरा लांबली आहे.

अशी आवृत्ती कोणाला लागते? सकाळच्या वर्गाला बसून दहा वाजता नोकरीवर जाणाऱ्या विधी विद्यार्थ्याला लागते. विरारहून चर्चगेट गाठताना त्याला पाय टेकायला जागा मिळाली तरी नशीब, बेअर अ‍ॅक्ट उघडायला हात कुठून आणणार! लोकसेवा आयोगाच्या कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसणाऱ्यांना लागते. त्यांना तीच कलमे दहादा फिरवावी लागतात आणि डोळे थकून जातात. तालुक्याच्या न्यायालयांत वकिली करणाऱ्या काहींनी मोटारसायकलवर कानात इअरफोन घालून नवी न्याय संहिता ऐकायला सुरुवात केली आहे. ते करू नये. रस्त्यावर कान रस्त्यासाठी ठेवावेत. पण या सगळ्यांच्या आधी, या सगळ्यांच्या कितीतरी आधी, ही गरज अंध विद्यार्थ्यांची होती. गंभीर पुस्तक कानाने कसे वाचायचे हे त्यांनीच शोधून काढले. बाकीचे आपण त्यांच्या वाटेने आता चालू लागलो आहोत, आणि वाट विचारायची तर त्यांनाच विचारायला हवी.

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षी त्याने या यंत्राचे उपयोग सांगणारा एक लेख लिहिला, त्यात अंधांसाठी बोलकी पुस्तके होती. प्रत्यक्षात ती यायला अर्धे शतक जावे लागले. अमेरिकेत १९३४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये तबकड्यांवरची बोलकी पुस्तके अंध वाचकांना मिळू लागली. ब्रिटनमधल्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती, म्हणजे सुरुवात करमणुकीनेच झाली. अभ्यासाचे पुस्तक या वाटेवर आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना सरकारी खर्चाने महाविद्यालयात शिकता येईल असा कायदा १९४४ मध्ये झाला. युद्धात दृष्टी गेलेल्या तरुणांनाही तो हक्क मिळाला, पण पुस्तके वाचायची कशी? त्यांची पत्रे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी संबंधित असलेल्या अ‍ॅन मॅकडोनाल्ड यांच्यापर्यंत पोचली आणि १९४८ मध्ये त्यांनी स्वयंसेवकांकडून पाठ्यपुस्तके वाचून घेऊन तबकड्यांवर उतरवायला सुरुवात केली. एका तबकडीवर जेमतेम काही मिनिटे मावत. विद्यार्थ्याने मागितले ते पुस्तक वाचायचे, वाचकाला आवडेल ते नव्हे, ही त्या कामाची शिस्त होती. ती आजही शिकण्यासारखी आहे. आपल्याकडच्या हौशी ध्वनिमुद्रणांत कथा-कवितांचे ढीग पडतात आणि दिवाणी प्रक्रिया संहितेला वाचक मिळत नाही.

भारतात ब्रेलचा एकसमान तक्ता १९५१ मध्ये ठरला आणि मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ मध्ये उभी राहिली. ब्रेलमधल्या कायद्याच्या पुस्तकाचे दुखणे ज्याने ते उचलले आहे त्यालाच कळेल. छापील एका पुस्तकाचे जाडजूड अनेक खंड होतात आणि दुरुस्ती आली की सगळे जुने होतात. म्हणून कॅसेट आली तशी ती अंध विधी विद्यार्थ्यांनी हातोहात उचलली. मित्र, बहीण, वसतिगृहातला खोलीसोबती, निवृत्त शिक्षिका, जो वाचून देईल त्याच्या आवाजात कायदा साठत गेला. पुढे संगणक बोलू लागला. पडद्यावरचा मजकूर वाचणारी एनव्हीडीएसारखी मोफत प्रणाली २००६ पासून घडत आली आणि तिच्यात मराठी वाचणारा आवाजही आला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या केंद्रासारख्या जागांमुळे मुंबईत या साधनांचे शिक्षण मिळू लागले. कायद्याची अडचण २०१२ मध्ये सुटली. प्रताधिकार कायद्यात कलम ५२ मध्ये दुरुस्ती होऊन अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात, नफा न घेता, पुस्तक तयार करणे हे उल्लंघन मानले जाणार नाही असे ठरले. त्यानंतर २०१३ चा माराकेश करार झाला. २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. सुगम्य पुस्तकालय ही सामायिक ग्रंथपेढी २०१६ मध्ये सुरू झाली.

हे सगळे असूनही एक शंका लोकांच्या मनात असते आणि ती कोणी उघड विचारत नाही. ऐकून का कधी वकील होता येते? साधन गुप्ता हे अंध वकील १९५३ मध्ये पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत गेले आणि पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. झॅक याकूब १९९८ ते २०१३ या काळात दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाचे न्यायाधीश होते, त्यांची दृष्टी बालपणीच गेली होती. तरी आपल्याकडे मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेच्या नियमांत अंध उमेदवारांना मज्जाव होता. सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी तो नियम रद्द केला आणि अंधत्वाच्या कारणावरून कोणालाही न्यायिक सेवेपासून दूर ठेवता येणार नाही असे सांगितले. न्यायालयात तसेही बहुतेक काम बोलूनच चालते. युक्तिवाद बोलून होतो, साक्ष बोलून होते, निकाल लघुलेखकाला सांगितला जातो. कायदा हा कानाला परका नाही. परका आहे तो कायद्याच्या छापील पानाचा आकार.

पुस्तक उघडल्यावर पानावर काय काय दिसते ते पाहा. कलमाचा आकडा ठळक असतो. शीर्षक त्याच्या शेजारी असते. उपकलमे आत सरकलेली, त्यांच्या आत खंड, खाली ‘परंतु’ने सुरू होणारे परंतुक, मग स्पष्टीकरण, मग उदाहरणे. मजकूर वाचण्यापूर्वीच डोळ्याला रचना कळलेली असते. तोच मजकूर कोणी सलग वाचून दिला तर ही सगळी घडी मोडते आणि उरते ती शब्दांची रांग. अशा रांगेत मागे वळायचे तर कुठे थांबायचे ते कळत नाही. मी ऐकलेल्या कित्येक ध्वनिमुद्रणांत एका प्रकरणाची एकच फाईल असते. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, आणि उपयोग शून्य. बावन्नाव्या मिनिटाला आलेले कलम पुन्हा हवे असेल तर बोटाने रेघ पुढेमागे ढकलत बसायचे. संदर्भग्रंथ चाळता आला नाही तर तो संदर्भग्रंथ राहत नाही, ते व्याख्यान होते. या पुस्तिकेतल्या निम्म्या सूचना या एकाच गोष्टीसाठी आहेत: ऐकणाऱ्याला चाळता आले पाहिजे.

याचे तांत्रिक उत्तर तयार आहे. डेझी नावाचे ध्वनिपुस्तकांचे प्रमाण अंधांच्या ग्रंथालयांनीच घडवले, त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय संघ १९९६ पासून काम करतो. त्यात मथळ्यांना सहा पातळ्यांपर्यंत उतरंड देता येते, पानाचा आकडा ठेवता येतो, वाक्यावाक्याने मागे येता येते. न्याय संहितेची २० प्रकरणे पहिल्या पातळीवर, ३५८ कलमे दुसऱ्या, उपकलमे तिसऱ्या पातळीवर ठेवली की ऐकणारा तीन-चार कळा दाबून हव्या त्या जागी जातो. डेझीचे साधन हाताशी नसेल तर साध्या फोनवरही काम भागते, फक्त प्रत्येक कलमाची वेगळी फाईल करायची आणि नावात आकडा आधी लिहायचा, तोही तीन अंकी: ००४, ०३४, ३०३. नाहीतर फोन १०० ला १० च्या शेजारी नेऊन बसवतो. हे काम कंटाळवाणे आहे. पण वाचनाला जितका वेळ लागतो तितकाच फायली करण्यात गेला तर तो वाया गेला असे समजू नये.

आता आत शिरू. चोरीचे कलम घ्या. जुन्या भारतीय दंड विधानात, म्हणजे भादंवित, ते ३७८ होते, न्याय संहितेत ३०३ आहे. व्याख्येत पाच गोष्टी एका वाक्यात बांधल्या आहेत: अप्रामाणिक हेतू, जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, त्याची संमती नसणे आणि वस्तू हलवणे. इंग्रजी वाक्यात कर्ता-क्रियापद सहसा लवकर भेटते. मराठी पाठात क्रियापद शेवटी येते, तोपर्यंत ‘जो कोणी’ने सुरू झालेला माणूस वाक्याच्या टोकापर्यंत लोंबकळत असतो. डोळ्याने वाचणारा मागे जाऊन पुन्हा सुरुवात करतो. कानाला ती सोय नाही. म्हणून मराठी कायदा वाचणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा हे आधी पेन्सिलीने खुणावून ठेवावे. श्वास अर्थाच्या सांध्यावर घ्यायचा असतो, फुप्फुसे रिकामी होतील तिथे नव्हे. आमचा आग्रह आहे की लांब व्याख्या तीनदा वाचावी: एकदा सलग, एकदा घटक सुटे करून, पुन्हा एकदा सलग. मधले वाचन हे मूळ पाठाचा भाग नाही हे आवाजात स्पष्ट सांगावे. ‘घटक’ म्हणायचे आणि मगच मोजायला लागायचे.

त्याच कलमाची उदाहरणे मात्र कानासाठीच लिहिली असावीत असे वाटते. १८३७ च्या मेकॉलेच्या मसुद्यापासून चालत आलेली ही पद्धत आहे. ‘ए’ नावाचा माणूस ‘झेड’च्या जमिनीवरचे झाड नेण्यासाठी तोडतो, झाड जमिनीपासून सुटले की चोरी पुरी झाली. दुसरा खिशात खाऊ ठेवून ‘झेड’च्या कुत्र्याला मागे यायला लावतो, कुत्रा मागे निघाला की चोरी पुरी. एक बैल तर खजिन्याची पेटी घेऊन वाटेत भेटतो. चार ओळींच्या या गोष्टी एकदा ऐकल्या की विसरत नाहीत, आणि ‘हलवणे’ म्हणजे काय ते त्यांतूनच कळते. वेळ वाचवण्यासाठी उदाहरणे गाळणारे वाचक मला भेटले आहेत. त्यांनी कलम गाळले असते तरी चालले असते.

परंतुकाचे तसे नाही, ते निसटते. चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही, हे ऐकले की कान समाधान पावतो आणि इकडेतिकडे बघू लागतो. नेमके तेव्हा परंतुक येते: चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. ही शिक्षा आपल्या दंडविधानात नव्यानेच आली आहे आणि परीक्षेत प्रश्न येणार तो इथेच. म्हणून ‘परंतु’ या शब्दाआधी दोन सेकंद शांतता ठेवावी आणि ‘परंतुक’ असे नाव घेऊनच पुढे जावे. स्पष्टीकरण, अपवाद, उदाहरण यांनाही हाच नियम. खुनाच्या व्याख्येला पाच अपवाद आहेत, त्यांतला चौथा कुठला हे ऐकणाऱ्याला मोजत बसावे लागू नये.

आकड्यांचा त्रास मराठीत विशेष आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, सदुसष्ट आणि अडुसष्ट, हे कानात इतके जवळ येतात की गाडीच्या खडखडाटात कुठले ऐकले याची खात्री देता येत नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आणली तेव्हा राज्यभर वाद झाला आणि विनोदांना ऊत आला. त्या वादात कोण बरोबर होते हा प्रश्न इथे नाही, पण कायदा वाचताना ती रीत निमूट उचलावी असे माझे मत आहे. आकडा नेहमीसारखा म्हणावा आणि लगेच सुटे अंक म्हणावेत: कलम एकशे एकोणसत्तर, एक-सहा-नऊ. इंग्रजी पाठातल्या खंडांना ‘बी बॉम्बे’, ‘डी दिल्ली’ असे टेलिफोनवरचे जुने वळण द्यावे. सुरुवातीला ऐकणाऱ्याला हसू येते. परीक्षेच्या आदल्या रात्री येत नाही.

यापुढची अडचण तक्त्यांची, आणि ती खरोखर कठीण आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत सहा स्तंभ आहेत: कलम, अपराध, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कोणत्या न्यायालयात चालेल. वकिलाला रोज लागणारा हा तक्ता आहे. तो वरून खाली वाचला तर कोणाचे काय हे कळत नाही, आडवा वाचला तर तिसऱ्या ओळीपर्यंत ऐकणारा स्तंभ विसरतो. उपाय एकच: प्रत्येक ओळ एक फाईल, आणि प्रत्येक नोंदीआधी स्तंभाचे नाव. मुदतीच्या कायद्याच्या अनुसूचीत १३७ अनुच्छेद आहेत आणि तीन स्तंभ. अनुच्छेद ६५ असा वाचावा: “दाव्याचे स्वरूप: मालकीहक्काच्या आधारे स्थावर मालमत्तेचा ताबा मागणारा दावा. मुदत: बारा वर्षे. मुदत केव्हापासून: प्रतिवादीचा ताबा वादीच्या विरोधात गेल्यापासून.” तीच तीन नावे १३७ वेळा उच्चारून वाचक वैतागतो हे मला माहीत आहे. पण तक्ता वाचणे म्हणजे रकाने पाठ म्हणणे नव्हे.

वाचणाऱ्यांविषयी एवढे पुरे. ऐकणाऱ्यांना काय सांगायचे?

ऐकून तेवढेच समजते का, यावर संशोधन झाले आहे आणि उत्तरे एका दिशेची नाहीत. २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात प्रौढांना एका ललितेतर पुस्तकाचा भाग काहींना वाचायला, काहींना ऐकायला आणि काहींना दोन्ही एकदम दिले. समजण्यात लक्षात येईल असा फरक पडला नाही, दोन आठवड्यांनीही नाही. उलट २०१० च्या दुसऱ्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक अभ्यासलेख ऐकला तेव्हा वाचणाऱ्यांपेक्षा त्यांना चाचणीत कमी गुण पडले. मला यात विसंगती दिसत नाही. गोष्ट असलेले लेखन कान पेलतो. युक्तिवादाचे, व्याख्यांचे, अटींचे लेखन पेलताना तो दमतो, कारण त्याला मागे जावे लागते आणि ऐकणारे मागे जात नाहीत. मागे जाण्याचा कंटाळा हाच ऐकून अभ्यास करणाऱ्याचा खरा शत्रू आहे.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा ऐकल्याने येणारी ओळख. सहाव्यांदा ऐकताना पुढचा शब्द आपल्याला माहीत असतो, म्हणून कलम पाठ झाले असे वाटते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवले की उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवडाभराने पुढे होते ते उतारा बंद करून आठवून लिहिणारे. कानाच्या अभ्यासाला हे जास्तच लागू पडते. एक कलम ऐकावे, थांबवावे, ते स्वतःच्या तोंडाने म्हणावे, मग पुन्हा ऐकून ताडावे. लोकलमध्ये मोठ्याने म्हणता येत नाही, ओठ हलवता येतात. शेजारचा प्रवासी स्तोत्र चालले आहे असे समजेल, समजू द्यावे. थांबण्याची कळ न पाहता दाबता येईल असा फोन किंवा इअरफोन घ्यावा. ही यंत्राची निवड नाही, अभ्यासाची आहे.

वेगाबद्दल लोक अभिमानाने बोलतात. अनुभवी अंध वाचक यंत्राचा आवाज सामान्य बोलण्याच्या दुपटीहूनही जास्त वेगाने ऐकतात हे खरे. नवख्याला तो आवाज म्हणजे पत्र्यावर पडलेल्या गारा वाटतात. पण तो वेग वर्षांच्या सवयीने येतो आणि तो बहुतेक शोधण्यासाठी वापरला जातो: हवी ती जागा येईपर्यंत धावायचे आणि आली की सावकाश चालायचे. आपण डोळ्यांनी पान चाळतो ते असेच. डोळस विद्यार्थी मात्र पहिल्यांदाच भेटणारे प्रकरण दीडपट वेगाने लावतो आणि अभ्यास लवकर उरकला म्हणून खूश होतो. उजळणीला वेग वाढवावा, पहिल्या भेटीला नको.

इथे कोणी वेदांचा दाखला देईल, नेहमीच देतात: हजारो वर्षे ग्रंथ कानानेच टिकले. दाखला अर्धाच लागू आहे. पाठशाळेत शिष्य नुसता ऐकत नव्हता, तो लगेच म्हणत होता आणि गुरू चूक दुरुस्त करत होता. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ या रीतींत तेच शब्द सुटे करून, पुढेमागे फिरवून म्हणायचे असत, ते चूक पकडण्यासाठीच. त्या परंपरेतून घ्यायचे तर म्हणणे आणि ताडणे घ्यावे. इअरफोन घालून डुलकी काढण्याला तिचा आधार नाही.

मानवी आवाज की यंत्राचा, हा वाद हल्ली फार रंगतो. माझे मत असे आहे: मूळ अधिनियम यंत्राकडून ऐकावा, कारण मजकूर हाताशी राहतो, शब्द शोधता येतो, अक्षर न् अक्षर तपासता येते. समजून घेण्यासाठी माणसाचा आवाज हवा, कारण कुठे जोर द्यायचा हे अजून त्यालाच नीट कळते. मराठीत यंत्राच्या वाटेत एक जुनी धोंड आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या पीडीएफ पडद्यावर सुबक मराठी दिसतात, पण आत रोमन चिन्हांची खिचडी असते आणि वाचक प्रणाली तीच खिचडी वाचून दाखवते. स्कॅन केलेल्या प्रतींचे तर चित्रच असते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून, मूळ प्रतीशी ताडून मगच यंत्राला द्यावा. ‘नाही’ हा एक शब्द गळला तरी कलम उलटे होते.

भाष्यग्रंथांचा प्रश्न वेगळा. मुल्ला, रतनलाल-धीरजलाल ही मुंबईच्या वकिलीतून उभी राहिलेली नावे, त्यांच्याशिवाय कपाट पुरे होत नाही. पण त्यांच्या पानांवर निवाड्यांच्या संदर्भांची दाटी असते. केशवानंद भारती खटल्याचा संदर्भ एआयआर १९७३ एससी १४६१ असा, शिवाय (१९७३) ४ एससीसी २२५ असाही. वाक्याच्या मधोमध हे आकडे मोठ्याने वाचले की मुद्दा हरवतो. आमची सूचना: मजकुरात खटल्याचे नाव, न्यायालय आणि वर्ष एवढेच वाचावे, पूर्ण संदर्भ त्या परिच्छेदाच्या शेवटी वेगळ्या फाईलमध्ये द्यावेत. ज्याला अर्जात टाकायचे आहेत तो ते काढून घेईल.

आणि हो, परवानगी. अंध वाचकांसाठी नफा न घेता केलेल्या आवृत्तीला वर सांगितलेली मुभा आहे. सर्वांसाठी खुली आवृत्ती करणाऱ्याला ती नाही. प्रताधिकार कायद्याप्रमाणे न्यायालयाने मनाई केली नसेल तर निवाडे प्रसिद्ध करता येतात. विधिमंडळाचा अधिनियमही करता येतो, पण त्यासोबत भाष्य किंवा काही स्वतंत्र मजकूर असायला हवा. म्हणजे बेअर अ‍ॅक्टचे नुसते वाचन आणि त्याला जोडलेले ‘घटक’ यांत कायद्याच्याही दृष्टीने फरक आहे. खाजगी प्रकाशकांनी निवाड्यांना जोडलेली शीर्षटिपणे मात्र त्यांची असतात. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या डिसेंबर २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूळ निवाडा आणि संपादकाची भर यांच्यातली ही रेषा आखून दिली आहे. शीर्षटिपण वाचून टाकणे सोपे असते म्हणून हा मोह फार जणांना होतो.

काही पुस्तके कानासाठी नाहीतच, हेही कबूल करायला हवे. शरीररचनाशास्त्राचे पुस्तक आकृत्यांवर उभे असते. करांच्या दरांचे तक्ते ऐकून कोणाचे भले होत नाही. कायद्यातही नमुन्यांचे अर्ज, मोजणीचे नकाशे, वंशावळीच्या आकृत्या आहेत. अंध विद्यार्थ्याला त्यांचे वर्णन किंवा हाताला लागणारी आकृती द्यावी लागते. डोळसाने त्या घरी पोचल्यावर पुस्तकात पाहाव्यात. त्याच्यासाठी ध्वनिआवृत्ती ही छापील पुस्तकाची जोड आहे, बदली नव्हे. नेमके शब्द उत्तरपत्रिकेत लिहायचे असतील तर ते एकदा डोळ्यांखालून घातलेच पाहिजेत, नाहीतर कानाने ‘आणि’ आणि ‘किंवा’ यांची अदलाबदल कधी केली ते कळत नाही.

शेवटी तारखेविषयी. १ जुलै २०२४ रोजी न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे तिन्ही नवे कायदे लागू झाले आणि भादंविच्या ५११ कलमांची असंख्य ध्वनिमुद्रणे एका दिवसात जुनी झाली. कित्येक गटांनी ती पुसून टाकली. ती घाई झाली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना भादंविच लागू होते, न्याय संहितेच्या ३५८ व्या कलमाने ते राखून ठेवले आहे. तसे खटले पुढची बरीच वर्षे चालणार आहेत आणि त्यांत काम करणाऱ्या वकिलाला खुनाच्या शिक्षेची जुने ३०२ आणि नवे १०३ ही दोन्ही कलमे लागणार आहेत. तेव्हा जुन्या फायली वेगळ्या कप्प्यात ठेवा. मात्र प्रत्येक फाईलच्या पहिल्या पाच सेकंदांत अधिनियमाचे नाव, कलमाचा आकडा आणि पाठ कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त केलेला आहे हे म्हटलेले असू द्या. फाईलच्या नावावर विसंबू नका, नावे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना बदलतात. फाईलमध्येच उच्चारलेली तारीख तिच्यासोबत राहते.